लाटांचा उजेड मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

रत्नागिरीकडच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "थंडीत आमच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात. त्यात नॉक्टिल्युका हा प्लवक असतो एवढं माहीत आहे. हा प्रकाश आकड्यात मोजता येतो का? त्याला कोणतं उपकरण लागतं? आणि मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून लिटरमागे किती पेशी आहेत ते सांगता येईल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. फोटोवरून पेशींची संख्या सांगता येत नाही. फोटोतला निळा रंग खरा असतो, पण तो तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला नसतो. मिणमिणत्या उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर उभं राहून बघणाऱ्याला लाट पांढुरकी दिसते, ताक सांडल्यासारखी, आणि फोटो पाहून पुण्या-मुंबईहून गाडी काढून आलेली मंडळी हिरमुसतात. कॅमेऱ्याने मात्र दहा सेकंद शटर उघडं ठेवून दोन-तीन लाटांचा उजेड एकावर एक रचलेला असतो. त्या ढिगाऱ्यात पेशी किती, लाटांचा जोर किती आणि आयएसओची, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेची, करामत किती, हे मागाहून वेगळं काढता येत नाही.

आता मूळ गोष्ट. थर्मामीटर पाण्यात बुडवला की पाण्याचं तापमान कळतं. जैवदीप्तीचं, म्हणजे जिवांनी पाडलेल्या उजेडाचं, तसं नाही. लिटरमागे हजारो चमकणाऱ्या पेशी असलेलं पाणीसुद्धा शांत असेल तर मिट्ट काळं असतं. या पेशी डिवचल्यावर चमकतात. म्हणजे आपण मोजतो ते आपल्या ढवळण्याला पाण्याने दिलेलं उत्तर. किती जोरात ढवळलं, किती वेळ ढवळलं, त्याआधी कुणी ढवळून ठेवलं होतं का, हे ज्या आकड्याबरोबर लिहिलेलं नाही तो आकडा वहीत नोंदवण्याच्या लायकीचा नाही. लाखो रुपयांचं उपकरण वापरूनही असे आकडे जमतात. जमलेले मी पाहिले आहेत आणि त्यातले काही माझेच आहेत.

पेशीत काय घडतं ते थोडं बघू, कारण उपकरणाची सगळी रचना त्यावरच बेतलेली असते. समुद्राच्या वरच्या थरात चमकणारे बहुतेक एकपेशीय जीव डायनोफ्लॅजेलेट गटातले असतात; नॉक्टिल्युकाही त्यातलीच. शेजारशेजारचे पाण्याचे थर वेगवेगळ्या वेगाने सरकले की पेशीच्या अंगावर ओढ येते. त्या ओढीने पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेच्या, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीच्या, पडद्यावरून विद्युत-स्पंद धावतो. नॉक्टिल्युकातल्या या स्पंदावर रॉजर एकर्ट यांनी १९६०च्या दशकात बारकाईने काम केलं आहे. स्पंदाबरोबर रिक्तिकेतले प्रोटॉन सिंटिलॉन नावाच्या सूक्ष्म कणिकांत शिरतात, तिथला सामू (पीएच) उतरतो आणि ल्युसिफेरिन हे रसायन आणि ल्युसिफेरेज हे विकर यांची जोडी उजेड पाडते. डिवचल्यापासून उजेड पडेपर्यंत १५ ते २० मिलिसेकंद लागतात आणि फ्लॅश साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. रंग निळा, ४७० ते ४७५ नॅनोमीटरच्या आसपास.

ओढ किती लागते हेही मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या मायकेल लॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांमधल्या फटीत पेशी ठेवल्या, एक नळकांडं फिरवलं आणि कर्तनताण, म्हणजेच ही ओढ, हळूहळू वाढवत नेला. चमक सुरू झाली ती ०.१ पास्कलच्या आसपास. मोकळ्या समुद्रात लाटांखालच्या पाण्यात ताण यापेक्षा कितीतरी कमी असतो, म्हणून समुद्र रात्रभर उगाच चमकत बसत नाही. फुटणारी लाट, माशाची शेपटी, वल्हं, जहाजाचा पंखा यांनी हा उंबरठा सहज ओलांडला जातो. आमच्या होडीवरचा तांडेल पाण्यात हात घालून म्हणायचा, "पाणी पेटलंय, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाय." एवढ्या नेमक्या शब्दांत मी हे कुठल्याही शोधनिबंधात वाचलेलं नाही.

उपकरणाचं नाव बॅथिफोटोमीटर. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी आहे: काळोखी नळी, तिच्यातून ठरलेल्या वेगाने पाणी ओढणारा पंप, पाण्याला ठरलेला हिसका देणारी जाळी किंवा इम्पेलर (फिरतं पातं), आणि कडेला फोटोमल्टिप्लायर नळी, म्हणजे पीएमटी, जी एकेक फोटॉन टिपण्याइतकी संवेदनशील असते. पाणी आत येताना नळी वळणावळणाची आणि आतून काळी ठेवतात, म्हणजे पाणी येतं पण बाहेरचा उजेड भिंतींवर आपटून मरतो.

या यंत्राचा इतिहास मजेदार आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे जॉर्ज क्लार्क सूर्यप्रकाश किती खोल पोचतो ते बघायला अटलांटिकमध्ये प्रकाशमापक सोडत होते. खोलवर सूर्य नाहीसा झाला, पण काटा थरथरत राहिला. खालचे जीव चमकत होते. तेव्हाचे मापक नुसते लोंबकळत उजेडाची वाट बघायचे, आणि जवळच्या जीवांना बऱ्याचदा मापकाच्याच हेलकाव्याने जाग यायची. ठरवून, मोजून हिसका देण्याची शिस्त नंतर आली. एडिथ विडर, जेम्स केस आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेलं हायडेक्स हे त्यातलं महत्त्वाचं यंत्र. त्याच्या तोंडावरच जाळी आहे आणि ते सेकंदाला कित्येक लिटर पाणी गिळतं. पुढे स्वयंचलित पाणबुड्यांवर बसतील अशी छोटी यंत्रं आली. त्यांची कोठडी अर्ध्या लिटरची आणि प्रवाह सेकंदाला साधारण ३५० मिलिलिटर. अमेरिकी नौदलाने या कामाला पैसा पुरवला, आणि त्याचं कारण उघड आहे: अंधारात लपून जाणाऱ्या जहाजामागे उजेडाचा पट्टा पडला तर लपण्यात अर्थ उरत नाही.

छोट्या यंत्राचं गणित इथेच करून बघू. अर्धा लिटर कोठडी, सेकंदाला ०.३५ लिटर प्रवाह; म्हणजे पाणी आत सुमारे दीड सेकंद राहतं. डायनोफ्लॅजेलेटचा फ्लॅश सेकंदाच्या दहाव्या भागाचा, तेव्हा तो पूर्णच्या पूर्ण पकडला जातो. समजा पीएमटीने सेकंदाला ७० अब्ज फोटॉन दाखवले. त्याला प्रवाहाने भागलं की लिटरमागे २०० अब्ज फोटॉन येतात. या आकड्याला बायोल्युमिनेसन्स पोटेन्शियल म्हणतात. मी मराठीत 'दीप्तिक्षमता' म्हणते. आता पेशी किती? लिंग्युलोडिनियमसारखी डायनोफ्लॅजेलेटची छोटी जात असेल तर एक पेशी ढोबळमानाने १० कोटी फोटॉन देते. म्हणजे लिटरमागे २,००० पेशी. पण पाण्यात नॉक्टिल्युका असेल आणि तिची एक पेशी समजा त्याच्या शंभरपट उजेड देत असेल, तर त्याच आकड्यासाठी लिटरला २० पेशी पुरतात. २० आणि २,००० यातलं खरं काय, हे पीएमटी कधीच सांगणार नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो, आणि तो नसेल तर आकडा फोटॉनमध्येच ठेवावा, पेशींमध्ये उतरवू नये. तुमच्या फोटोवाल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

यंत्राच्या तोंडापर्यंत काय पोचतं, हा वेगळाच जाच. कोपेपॉड, क्रिल यांसारखे चमकणारे प्राणिप्लवक पोहतात. छोट्या पंपाची ओढ जाणवली की ते बाजूला होतात, म्हणून छोट्या यंत्राचे आकडे डायनोफ्लॅजेलेटकडे झुकलेले असतात. हायडेक्सला एवढं पाणी गिळायला लावलं ते यासाठीच. जे कोपेपॉड आत येतात ते चमकलेला द्राव बाहेर सोडतात. तो कोठडीतून निघून गेल्यावरही चमकत राहतो आणि तेवढा उजेड हिशेबातून निसटतो. एक सोय मात्र आहे. सेकंदाला ६० वेळा नोंद घेतली की आलेखात खालची एकसारखी गुणगुण डायनोफ्लॅजेलेटची आणि मधूनच उठणारे उंच, रुंद सुळके बहुधा प्राण्यांचे, असं बऱ्यापैकी वेगळं करता येतं.

नॉक्टिल्युकाचा त्रास याच्या उलट. ती पोहत नाही, तरंगते. रिक्तिकेत अमोनियम साठवल्याने ती पाण्यापेक्षा हलकी होते. वारा पडलेल्या रात्री सगळी पृष्ठभागावर जमते आणि पट्टे धरते. तुमचं यंत्र एक मीटरवर टांगलेलं असेल तर वर अख्खी साय जमलेली असताना तुम्हाला ओसाड समुद्र दिसेल. अगदी पृष्ठभागावर नेलं तर हवेचे बुडबुडे आत जातात, ते स्वतःच पेशींना डिवचतात आणि प्रवाहाचा हिशेब बिघडवतात. मी पृष्ठभागाचं पाणी बादलीने घेते, तेही बादली आपटून नव्हे. कड तिरकी करून, ताटात दूध ओतावं तसं पाणी आत सरकू द्यायचं. मग झाकून काळोखात तासभर ठेवायचं, कारण एकदा चमकलेल्या पेशीचा पुढचा फ्लॅश मंद असतो. तिला सावरायला वेळ लागतो. आपल्याच होडीच्या मागच्या पाण्यात मोजणं म्हणजे आधीच कुणी पिळून घेतलेल्या लिंबाचा रस मोजणं. नेहमी पुढून, नाळेच्या बाजूने, इंजिन बंद करून आणि होडी स्थिरावल्यावर पाणी घ्यायचं.

एका मोहिमेत अवसेच्या आदल्या रात्री आमचं यंत्र विंचवर पाण्याबाहेर येत होतं. पीएमटीवर हजारेक व्होल्ट चालू होते, मी बंद करायला सांगायची विसरले होते. कुणीतरी मदत म्हणून डेकचा फ्लडलाइट लावला. पडद्यावरची रेघ छताला टेकली आणि तिथेच चिकटली. नळी जळली नाही हे नशीब, पण त्यानंतर काळोखातला आकडा इतका चढला की उरलेली रात्र वाया गेली. भगभगीत उजेड पाहिलेल्या पीएमटीला काळोखात तासन् तास ठेवावं लागतं, तेव्हा ती शांत होते. तेव्हापासून झाकणाचं टोपण लावून घेतलेली काळोखाची नोंद ही प्रत्येक डुबकीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, माझ्या वहीत असते. तापमानाचीही नोंद ठेवावी: गरम डेकवरची नळी थंड पाण्यातल्या नळीपेक्षा जास्त 'बडबड' करते, आणि तो फरक खोलीप्रमाणे बदलणारा उजेड म्हणून खपून जाऊ शकतो.

कॅलिब्रेशन दोन वेगळ्या गोष्टींचं करावं लागतं आणि लोक एकच करून मोकळे होतात. पहिलं प्रकाशाचं: ज्याची तीव्रता ठाऊक आहे असा मंद दिवा किंवा एकसारखा चमकणारा जिवाणूंचा द्राव कोठडीत ठेवून किती फोटॉनला किती आकडा येतो ते बघणं. दुसरं हिसक्याचं: मोजलेल्या पेशींचं, प्रयोगशाळेत वाढवलेलं पाणी यंत्रातून सोडून पेशीमागे किती उजेड मिळाला ते बघणं. इम्पेलरवर शेवाळ बसलं, पंपाचा वेग उतरला, की पहिलं कॅलिब्रेशन बिनचूक असूनही दुसरं सरकलेलं असतं. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे थेट शेजारीशेजारी ठेवणारे तक्ते मी म्हणूनच संशयाने वाचते.

वेळेबद्दल थोडक्यात. वूडलँड हेस्टिंग्ज आणि बिआट्रिस स्वीनी यांनी १९५०च्या दशकात दाखवलं की लिंग्युलोडिनियम (तेव्हा तिला गोनिऑलॅक्स म्हणत) सतत मंद उजेडात ठेवली तरी तिची चमकण्याची ताकद रात्रीच्या तासांना वाढते आणि दिवसा पडते. तिच्या आत घड्याळ आहे. म्हणून संध्याकाळी सातचा आकडा आणि मध्यरात्रीचा आकडा यांची तुलना करू नका. रोज सूर्यास्तानंतर ठराविक तासांनीच मोजा. पौर्णिमेच्या दिवसांत मोजणं टाळा, चांदणं यंत्रालाही छळतं आणि पेशींनाही.

उपग्रहाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो म्हणून सांगते. फुटणाऱ्या लाटांची चमक उपग्रहाला दिसत नाही. ती क्षणभराची आणि ठिकठिकाणची असते, शिवाय किनाऱ्यावरचं गढूळ पाणी निळा रंगच आधी शोषतं. उपग्रहाला दिसतो तो दुधाळ समुद्र, आणि त्याचा खेळ वेगळा आहे: तिथे जिवाणू चमकतात, न डिवचता, सलग. १९९५च्या जानेवारीत सोमालियाजवळून जाणाऱ्या 'लिमा' या ब्रिटिश जहाजाने अशा समुद्राची नोंद केली होती. स्टीव्हन मिलर आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांनी जुन्या लष्करी हवामान-उपग्रहाच्या चित्रांत तो शोधून काढला. क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर, सलग तीन रात्री. २०१९ मध्ये जावाच्या दक्षिणेला त्याहून कितीतरी मोठा दिसला. त्यातून एक खाजगी नौका गेली होती आणि तिचं नाव 'गणेशा'. त्या खलाशांनी बादलीत पाणी घेतलं तर त्यात स्थिर चमकणारे ठिपके होते, आणि ढवळल्यावर ते विझले. आपल्या नॉक्टिल्युकाच्या बरोबर उलट. बॅथिफोटोमीटरचा नेहमीचा हिसका त्या पाण्यावर वापरला असता तर काय आकडा आला असता, या विचाराने मला अजून हसू येतं.

पाण्यातलं क्लोरोफिल मोजणाऱ्या उपग्रहांचंही जपून. तुमच्या किनाऱ्यावरची नॉक्टिल्युका लाल आहे की हिरवी ते आधी बघा. लाल स्वतः अन्न तयार करत नाही, दुसऱ्यांना गिळते. तिचं स्वतःचं क्लोरोफिल नाही. हिरवीच्या पोटात हिरवे सहजीवी शेवाळकण वावरतात. उत्तर अरबी समुद्रात फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पसरते ती हिरवी. मूळ गोव्याचे हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी २०१४ मध्ये तिच्या वाढत्या पसाऱ्याचा संबंध पाण्यातला प्राणवायू कमी होण्याशी लावला. त्यावर इतर अभ्यासकांचे मतभेद आहेत. तुमच्या मोजणीसाठी त्या वादात शिरायची गरज नाही, रंग मात्र वहीत लिहा.

आता तुमच्या आवाक्यातलं. बॅथिफोटोमीटर विसरा. दोनशे मिलिलिटरची काचेची बरणी, आतून काळं कापड चिकटवलेलं खोकं, सांध्यांवर काळी टेप, एका बाजूला मोबाईलच्या भिंगाएवढं भोक आणि सेलवर चालणारी, कॉफी फेसायची छोटी रवी. मोबाईलवर एक्सपोजर, आयएसओ, फोकस सगळं हाताने पक्कं करा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. काळोखात ठेवलेलं १०० मिलिलिटर पाणी घ्या, तीस सेकंद रवी चालवा, व्हिडिओ घ्या. तीन वेगळ्या बरण्यांवर तेच करा. मग प्रत्येक बरणीत १० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर घाला. आम्लाने पेशींतला सामू एकदम उतरतो आणि उरलासुरला उजेड एका दमात बाहेर पडतो. पेशी मरतात, पण 'एकूण किती होता' हे कळतं. ढवळून आलेला उजेड अधिक व्हिनेगरने आलेला, ही बेरीज आणि त्यातला ढवळण्याचा वाटा, हे दोन आकडे रोजचे. ते फोटॉनमध्ये नसतील, तुमच्याच मोबाईलच्या मापात असतील, पण एकमेकांशी तोलता येतील. रोज सुरुवातीला त्याच खोक्यात एक मंद निळा एलईडी लावून दहा सेकंद टिपा. कॅमेऱ्याने मध्येच काही बदललं तर त्यातून कळेल.

पेशी मोजायला नॉक्टिल्युका सोपी आहे. अर्धा-एक मिलिमीटरची, भिजलेल्या रव्याच्या दाण्याएवढी, पारदर्शक. काळ्या बशीत पाणी घेऊन भिंगाने मोजता येते. मोजणी जिवंत असतानाच करा. फॉर्मलिनमध्ये ठेवली की ती आक्रसते, फुटते आणि दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही.

रवीत रोज नवा सेल घाला. माझ्या एका विद्यार्थ्याने याच पद्धतीने सलग नऊ रात्री मोजलं होतं. आलेख सुबकपणे उतरत गेला आणि त्याने बहर ओसरल्याचा परिच्छेदही लिहून टाकला. दहाव्या रात्री रवी बंद पडली म्हणून सेल बदलला, तर आकडा पहिल्या रात्रीच्याही वर गेला.